पालिकेच्या बागेत सकाळी योगा करायचाय? आधी जागा धरा

दर जानेवारीत आणि मग परत २१ जूनच्या आसपास आमच्या बागेत दहा-पंधरा नवे चेहरे दिसतात, कोरी करकरीत मॅट, नवे शूज, आणि दोन आठवड्यांनी बघावं तर त्यातला एखादाच उरलेला असतो. हसत नाहीये हं मी कुणाला, मी स्वतः दोनदा सोडून तिसऱ्यांदा टिकलेय. बोरिवलीला राहते, आठ-सव्वाआठची बोरिवलीहून सुटणारी लोकल पकडते, आणि गेली नऊ वर्षं त्याआधीचा तासभर घराजवळच्या पालिकेच्या बागेत असते. इतक्या वर्षांत एवढं कळलंय की आसनं अवघड म्हणून कुणी सोडत नाही, सोडतात ते बसायला धड जागा नसते म्हणून, ओळखीचं कुणी नसतं म्हणून, आणि पहिल्याच दिवशी सगळं करायला गेलो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना म्हणून. आसनांचे व्हिडिओ ढिगाने पडलेत, त्यामुळे मी जास्त या बाकीच्या भानगडींबद्दलच लिहितेय.

तर पहिलं काम म्हणजे बाग बघून येणं, आणि ते संध्याकाळी नाही, ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला, मॅट न घेता, नुसती चक्कर मारायला. गेटवरच्या बोर्डावर वेळ बघून घ्या कारण प्रत्येक बागेची वेगळी असते. मग बघायचं की वॉकिंग ट्रॅक कुठून जातो, लाफ्टर क्लबवाले कुठे उभे राहतात, म्युझिक लावून झुंबा करणारे कुठे असतात, माळी पाणी कुठल्या बाजूने सुरू करतो (हे फार महत्त्वाचं, नाहीतर डोळे मिटून बसलेलं असताना बुडाखाली ओलं लागतं). तुम्हाला हवी ती जागा म्हणजे ट्रॅकपासून चार-पाच पावलं आत, जमीन सपाट, पूर्वेकडे थोडी मोकळी, आणि बायकांनो, चार माणसांच्या नजरेच्या टप्प्यातली. शांत कोपरा शोधत मागच्या भिंतीपाशी जाऊ नका, अंधार असताना तर नाहीच. मी पहिल्यांदा तसाच कोपरा धरला होता, तिथे शांतता होती कारण कचरा तिथेच टाकायचे.

वर पण बघा. झाड कुठलं आहे ते बघा. आंब्याखाली मॅट टाकली की ओंबील, त्या तांबड्या मुंग्या चावतात ना, त्या शवासनात बरोबर मानेपाशी येतात. पर्जन्यवृक्ष सावलीला सुरेख पण पावसाळ्यात वारा सुटला की त्याच्या खाली थांबायचं नाही, फांद्या पडतात, पालिका मेमध्ये छाटणी करते ती उगाच नाही. आणि एप्रिल ते जूनमध्ये कावळ्याचं घरटं असेल त्या झाडाखाली तर चुकूनही नाही, पिल्लं असली की कावळे डोक्यावर येऊन टोचतात, आणि ते माणूस ओळखतात, आमच्या ग्रुपमधल्या बँकेतून रिटायर झालेल्या काकांना एकाने महिनाभर टोपी घालायला लावली होती.

ज्यांच्याजवळ बाग नाही, मैदान आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. शिवाजी पार्क चालायला मस्त, कट्ट्याबाहेरून फेऱ्या मारा, गप्पा मारा, पण उन्हाळ्यात तिथली लाल माती उडते, मैदानाच्या मध्ये बसून खोल श्वास घेण्यात काही अर्थ नाही, कडेला झाडांखाली बसा. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये झाडं आहेत, मलबार हिलचं हँगिंग गार्डन म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान हे तर पाण्याच्या टाकीवर केलेलं, १८८१ सालचं, तिथे सकाळची हवा खरंच वेगळी लागते. आमच्याकडे संजय गांधी नॅशनल पार्क आहे, रोज सकाळी जायचं असेल तर मॉर्निंग वॉकचा पास काढून घ्या, पण एक लक्षात ठेवा की ते जंगल आहे, बिबटे तिथे राहतात आणि आपण पाहुणे आहोत, तेव्हा उजाडायच्या आत आणि एकट्याने आत आत जाऊन ध्यान लावायची हौस नको.

आता सामान. महागडी मॅट घ्यायची घाई करू नका, ती बागेत चार महिन्यांत फाटते. घरातली जुनी सतरंजी आणि तिच्याखाली टाकायला एक प्लास्टिकचं कापड, बस, दव आणि चिखल दोन्हीचं काम होतं. जाडसर नॅपकिन एक, गुडघ्याखाली घ्यायला. ओडोमॉस. पाणी. घराची किल्ली पँटच्या खिशात ठेवून भुजंगासन (पालथं पडून छाती वर उचलायची ते) करू नका, माझ्या मांडीवर आठवडाभर वळ होता. चपला मॅटच्या डोक्याच्या बाजूला, पायाच्या नाही, डोक्याच्या बाजूला असल्या की कुत्रं उचलून नेत नाही आणि नेलंच तर दिसतं तरी. बाथरूमचं घरीच उरकून या, बागेतल्याला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो साडेसातला येतो.

पोट रिकामं हवं. मी अर्धा ग्लास कोमट पाणी पिते आणि निघते. चहा पिऊन येणारे पण आहेत, त्यांचं अगदीच काही बिघडत नाही, पण बिस्किटं खाऊन आलात आणि पुढे वाकलात की ती बिस्किटं घशाशी येतात. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर मात्र उपाशी यायचं का नाही ते डॉक्टरला विचारा, आणि खिशात साखर किंवा गोळी ठेवाच.

वेळेचं सांगते. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या सुमारास असतो आणि जानेवारीच्या मध्यावर सव्वासातच्या आसपास, म्हणजे सव्वा तासाचा फरक. ज्यांना ट्रेन पकडायचीय त्यांना सूर्याच्या मागे लागून वेळ बदलणं शक्य नाही, माझी वेळ बारा महिने सव्वासहा, जानेवारीत अंधारात सुरू करते आणि लाइटखाली बसते. आणि तसंही आमच्याकडे सूर्य नॅशनल पार्कच्या डोंगराआडून आणि आता मधल्या टॉवरांच्या आडून येतो, पंचांगात उगवला तरी आम्हाला दिसायला वेळ लागतो. पूर्वेकडे तोंड करायचं, दिसला तर दिसला.

पहिले पंधरा दिवस काय करायचं, तर खरं सांगू का, जवळजवळ काहीच नाही. दहा मिनिटं चाला. मग उभ्याने मान, खांदे, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे, सगळे सांधे हळूहळू फिरवा, मान गोल गरागरा नाही, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना. मग ३ सूर्यनमस्कार. तीनच. मग पाच मिनिटं बसा आणि पाच मिनिटं पडा, आणि घरी जा. चौथा घालावासा वाटला तरी घालू नका, तो उद्यासाठी ठेवा, उद्या यायला काहीतरी कारण पाहिजे ना. नंतर दर आठवड्याला १ वाढवत १२ पर्यंत गेलात की पुष्कळ झालं, नोकरी करणाऱ्या माणसाला १२ रोज जमले तर मी त्याला साष्टांग घालेन.

सूर्यनमस्कारात आपल्याकडे दोन पद्धती दिसतील, एक १२ अंकांची, म्हणजे एका नमस्कारात १२ स्थिती, आणि एक १० अंकांची. दहाची पद्धत आपल्या महाराष्ट्रात शाळांमधून रुजली, त्यामागे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा हात, ते स्वतः नेमाने नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सुरू केले. त्यामुळे ग्रुपमध्ये एखादे आजोबा तुम्हाला म्हणतील की तुम्ही चुकीचं करताय, तर चुकीचं नसतं, त्यांची शाळा वेगळी. बागेत मात्र ज्या ग्रुपमध्ये उभे असाल त्यांचीच मोजणी धरा नाहीतर सगळे खाली आणि तुम्ही वर असं होतं.

श्वासाचा नियम सोपा लक्षात ठेवा, शरीर उघडतंय तेव्हा आत, मिटतंय तेव्हा बाहेर. हात वर नेताना आत, पुढे वाकताना बाहेर, पाय मागे नेऊन छाती वर केली की आत, भुजंगासनात आत, पर्वतासनात (तळहात-पावलं जमिनीवर आणि कंबर वर) बाहेर. सगळ्यात जास्त घोळ होतो साष्टांगात. दोन पावलं, दोन गुडघे, दोन तळवे, छाती आणि कपाळ, असे आठ टेकायचे आणि पोट उचललेलं ठेवायचं, पण नवीन माणूस सरळ धपकन पालथा पडतो. आधी गुडघे टेका, मग छाती, मग कपाळ, एवढा क्रम पाळला की होतं. वाकताना हात जमिनीला लागत नसतील तर गुडघे वाकवा, बिनधास्त, बागेत कुणी मार्क देत नाही. आणि ओल्या गवतावर पर्वतासनात तळहात घसरतात, पावसाळ्यात एका बाईंचं मनगट त्यानेच दुखावलं, तेव्हा हातांखाली सतरंजी असू द्या, नुसतं प्लास्टिक नको.

प्रत्येक नमस्काराआधी सूर्याचं एक नाव घ्यायचं. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर, ही ती बारा. ॐ मित्राय नमः, ॐ रवये नमः असं. मला आधी हे जरा पाठांतरासारखं वाटायचं पण झालं काय की नाव घ्यायला दोन सेकंद थांबावं लागतं आणि त्या दोन सेकंदांत श्वास जागेवर येतो, म्हणजे घाई होतच नाही, केवढी सोय करून ठेवलीय बघा. आमच्यात एक ख्रिश्चन आंटी आहेत, त्या नावांच्या जागी मनातल्या मनात आपली प्रार्थना म्हणतात, एक मुस्लिम काका नुसते आकडे मोजतात, चालतं सगळं. जबरदस्ती करणारा ग्रुप असेल तर ग्रुप बदला. रथसप्तमीला मात्र सगळ्यांना चेव येतो, त्या दिवशी ज्याला जितके जमतील तितके, आणि मग तिळाच्या वड्या.

मग प्राणायाम. इथे मी जरा कडक आहे. कपालभाती, म्हणजे पोट आत मारून झटक्याझटक्याने श्वास बाहेर टाकणं, ही बागेत बघून बघून शिकायची गोष्ट नाही. शेजारचा भसाभस करतोय म्हणून आपणही केलं आणि चक्कर आली असं मी दोन-तीनदा बघितलंय. ब्लड प्रेशर जास्त असेल, हार्टचा त्रास असेल, हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले असतील, गरोदर असाल तर करायचंच नाही, आणि पाळीच्या दिवसांत पण सोडून द्या. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं डोळ्यांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, स्लिप डिस्क असेल तर पुढे वाकणं नको. शिकायचं तर एकदा नीट शिकून घ्या आणि मग बागेत या. सांताक्रूझला योग इन्स्टिट्यूट आहे, १९१८ सालची संस्था, मरीन ड्राइव्हला कैवल्यधामचं केंद्र आहे, आणि ठाण्याच्या अंबिका योग कुटीरचे वर्ग मुंबईत ठिकठिकाणी शाळांमधून चालतात, मी तिथेच शिकले, फी फार नसते आणि शिकवणारे ओरडत नाहीत.

नवीन माणसाला अनुलोम-विलोम आणि भ्रामरी पुरे. अनुलोम-विलोम म्हणजे एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडायचा, मग उलट, पाच मिनिटं, श्वास रोखायचा नाही, आवाज करायचा नाही, नाकपुडी दाबायची म्हणजे टेकवायची, चिमटीत धरायची नाही. भ्रामरी म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुणता आवाज, तो पाच वेळा. ओंकार म्हणायचा असेल तर ग्रुपने म्हणायला मजा येते, छातीत घुमतो, पण बागेला लागून बिल्डिंग असतात आणि तिथे नाइट शिफ्ट करून आलेली माणसं नुकती झोपलेली असतात हे डोक्यात ठेवा. स्पीकर लावू नका. लावणाऱ्यांनाही प्रेमाने सांगा, "काका जरा हळू" एवढं पुरतं, नियम सांगायला गेलात की भांडण होतं आणि मग ध्यान कसलं लागतंय.

आणि हिवाळ्याचं वेगळं सांगायला हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबईत सकाळी जी धूसर चादर दिसते ते सगळं धुकं नसतं, गार हवा खाली बसते आणि तिच्यात बांधकामाची धूळ आणि गाड्यांचा धूर अडकून राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर नावाचं ॲप आहे, त्यात आपल्या जवळच्या हवा मोजणाऱ्या स्टेशनचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, बघायचा, २०० च्या वर असेल तर मी त्या दिवशी जोराचा श्वास, पळणं, कपालभाती सगळं बाद करते, नुसते सांधे मोकळे करायचे आणि प्राणायाम घरी येऊन खिडकी लावून. दमा असेल तर २०० पर्यंत पण थांबू नका, आधीच घरी बसा.

पावसाळा म्हणजे पेव्हर ब्लॉकवर शेवाळ, आणि शेवाळावर मी एकदा अशी आपटलेय की सूर्यनमस्काराचं साष्टांग एका झटक्यात जमलं. जून ते सप्टेंबर बागेतलं छप्पर, म्हणजे तो गझिबो, हीच एक जागा आणि त्यावर सगळ्यांचा डोळा. तिथे कुणाचंही रिझर्व्हेशन नसतं पण "आम्ही इथे वीस वर्षं बसतो" असं सांगणारे असतात. वाद घालू नका, त्यांना विचारा की तुमचं किती वाजता आटपतं, आणि त्यांच्यानंतर बसा, किंवा त्यांच्यातच बसा. आमचा ग्रुप असाच झाला, गझिबोच्या भांडणातून.

ग्रुपबद्दल म्हणाल तर एकट्याने करायचं असलं तरी दोन-चार ओळखी करून घ्या, कारण आज ती आली नाही, तिला फोन करूया, असं म्हणणारं कुणी असलं की अंथरुणातून उठायला होतं. सुरुवात सोपी असते, रोज त्याच वेळी त्याच जागी जायचं आणि समोरून येणाऱ्याला राम राम करायचं, गुजराती बेन असतील तर जय श्री कृष्ण, आठ दिवसांत त्याच विचारतात की काल कुठे होता. लाफ्टर क्लबवाल्यांना हसू नका म्हणजे त्यांच्यावर हसू नका, त्यांच्याबरोबर हसा. जगभर पसरलेली ती भानगड आपल्या मुंबईतच सुरू झाली, १९९५ च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवालात एका बागेत जेमतेम पाच माणसांना घेऊन. आधी म्हणे विनोद सांगायचे, मग विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय हसायचं ठरलं. हो हो हा हा हा ऐकू आलं की मी ध्यान तोडून त्यांच्यात जाते कधीकधी, खोटं हसता हसता खरं येतं ते खरंच आहे. फक्त हर्निया किंवा नुकतं ऑपरेशन झालेलं असेल तर तिथेही जपून.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक स्वयंघोषित गुरुजी असतात, न विचारता तुमची कंबर धरून वाकवायला येतात. बायकांनी सरळ "हात नको लावू, तोंडाने सांगा" म्हणायचं, लाजायचं नाही, हवं तर "नको लावू" ऐवजी "लावू नका" म्हणा, पण म्हणा. व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा.

आता बसणं, म्हणजे ध्यान. लोक विचारतात बागेत एवढ्या गोंगाटात कसं जमतं. तर मी आधी आवाज बंद व्हायची वाट बघायचे, ट्रेनचा भोंगा, अजान, मग देवळातली घंटा, दयाळाची शिट्टी, कोकीळ, आणि ट्रॅकवरून फोन स्पीकरवर टाकून जाणारा माणूस ज्याच्या साडूने त्याचे पैसे बुडवलेत. हे कधीच थांबत नाही. मग एका आजींनी सांगितलं की अगं आवाजांना नुसतं येऊ दे आणि जाऊ दे, मागे जाऊ नकोस. तर मी असं करते की श्वास बाहेर गेला की एक, परत बाहेर गेला की दोन, असं दहापर्यंत, आणि साडूच्या भानगडीत मन गेलं की परत एकपासून. सुरुवातीला मी चारच्या पुढे जात नव्हते. अजूनही ऑडिटच्या महिन्यात सहा म्हणजे खूप. बॅगेचा पट्टा मांडीखाली दाबून बसा म्हणजे तिची काळजी राहत नाही, फोन सायलेंट नाही, बंदच. गुडघे दुखत असतील तर बाकावर बसा, पाय जमिनीला टेकवून, मांडी घातल्यानेच देव भेटतो असं काही नाही.

शेवटी शवासन, पाच मिनिटं तरी. हे एकटे असाल तर ट्रॅकजवळ करू नका, मी पहिल्या वर्षी एकदा अशी मस्त पडले होते तर एका माणसाने येऊन हलवलं, "ताई, बरं वाटत नाहीये का?" आणि मी डोळे उघडेपर्यंत दुसऱ्याने तोंडावर पाणी मारलं होतं. तेव्हापासून मी तोंडावर ओढणी न घेता आणि बाजूला पाण्याची बाटली, चष्मा असं नीट मांडून पडते, मग लोकांना कळतं की हे मुद्दाम चाललंय. उठताना उजव्या कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन, झटका देऊन नाही.

मध्ये खंड पडणारच, गणपतीत पडतो, मुलांच्या परीक्षेत पडतो. दहा दिवसांनी परत जाल तेव्हा १२ वरून सुरू करू नका, परत ३ किंवा ५.

आणि गेटवर ज्यूसवाला असतो, गव्हांकुर, कारलं, आवळा, दुधी, स्टीलच्या पिंपातून. प्यायचं तर प्या, फक्त समोर काढून देत असेल तर, आणि दुधीचा रस कडू लागला तर एक घोटसुद्धा गिळू नका, लगेच थुंका, कडू दुधी विषारी असतो, उलट्या होऊन ॲडमिट व्हावं लागतं. कारल्यात मिसळलेला असेल तर कडू कुठलं ते कळणारच नाही, म्हणून तसला मिक्स ज्यूस नकोच. मी तर घरी येऊन आलं घातलेला चहाच पिते, तोवर सात-वीस झालेले असतात आणि डबा भरायचा असतो.